भिकी खोटं गात नाही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
धाकटी डहाणू

नवी वही. जुनी मी वेवजीहून येताना रिक्षात विसरलो, असं दिपकचं म्हणणं. मी काही विसरत नाही. लोक माझ्या वस्तू हलवतात.

असो. तेवीस मार्चला डहाणूत नाट्यमहोत्सव. उणेपुरे सात आठवडे, आणि माझ्या हाताशी काय आहे? दोन नट. एक अनिकेत, तहसील कचेरीतला कारकून, प्रेमाचं वाक्यही जावक क्रमांक टाकल्यासारखं म्हणतो. दुसरा लडक्या, इको गाडी चालवतो. आवाज सोन्यासारखा, पण भाडं मिळालं की तालीम गेली खड्ड्यात. वेवजीच्या शाळेतली शिक्षिका श्रुतिका पडद्यामागचं सगळं बघते आणि मला न विचारता बघते. आणि प्रकाशयोजनेला आमचा दिपक. त्याला अंधार आणि उजेड असे दोनच प्रकार ठाऊक.

नाटकाचं नाव ‘बिनपत्रिकेचं’. दोन पुरुष वीस वर्षं एका घरात राहतात, कोर्टाच्या तोंडाकडे बघत. शेवटच्या प्रवेशात पाड्यावर त्यांचं लग्न लागतं. (परीक्षकांसाठी पत्रकात टीप हवी: वारल्यांत लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. ती लग्नाची गाणी गाते आणि लग्न लागतं.) तीस वर्षं नाटकं लिहिली, मोर्चे काढले, दोनदा पोलीस चौकीत बसलो, पण असा शेवट कधी सुचला नव्हता. आणि खरीखुरी धवलेरी मिळवली आहे. भिकीबाय, सत्तरीची. ‘येन’ म्हणाली. एवढं एकच काम मनासारखं झालंय.

संध्याकाळी दिपकनं रेल्वेचं पत्र दाखवलं. बढती, पण नंदुरबारला. दहा मार्चपर्यंत हो की नाही कळवायचं. तिथून त्याचं गाव तासाभरावर, आई थकलेली. ‘तू काय म्हणतोस?’ मी म्हटलं, तेवीसनंतर बोलू. तो म्हणाला, ‘दहा तारीख तेवीसच्या आधी येते.’ तिकीट खिडकीवर बसून माणूस असाच होतो.

तो गेला तर लाइट कोण बघणार, हा पहिला विचार आला. दुसरा आला तो लिहीत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कॉलेजात भाषण. विषय: ‘लपून जगू नका’. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, ‘सर, तुमचं लग्न झालंय का?’ मी विवाहसंस्थेवर पंचवीस मिनिटं बोललो. आधी तो हक्क आम्हाला मिळाला पाहिजे, मग आम्ही तो नाकारू, असं सांगितलं. वाक्य जमलं होतं.

नंतर चहाला प्राचार्य म्हणाले, ‘हे बरोबर आलेत ते?’ मी म्हटलं, ‘आमचे भाडेकरू. वरच्या खोलीत राहतात. गाडी चालवतात म्हणून आणलं.’ गावात सगळ्यांना हेच सांगतो. सहा वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात इथे आलो तेव्हा सांगितलं, ते तसंच राहिलं. ताईला, नयनाला, सगळं ठाऊक आहे. ती नरपडहून सुके बोंबील पाठवते तेव्हा पिशवीवर ‘भाडेकरूसाठी’ लिहिते. तिचा विनोद असतो.

दिपकनं येताना गाडी नेहमीपेक्षा जोरात हाणली. उन्हाचा त्रास झाला असावा.

९ फेब्रुवारी, रविवार

तालीम, वेवजीच्या समाजमंदिरात. लडक्या दीड तास उशिरा, अनिकेतचं पाठांतर शून्य. नाचता येईना म्हणून त्यांना समाजमंदिराचं अंगणही वाकडं. मी ओरडलो. मग दिपकनं सगळ्यांसमोर रक्तदाबाची गोळी हातावर ठेवली. ‘सकाळची राहिली. आधी घे, मग ओरड.’ माझा दिग्दर्शक म्हणून काही आब आहे की नाही?

भिकीबाय कोपऱ्यात बसून हे बघत होती. माझ्याशी ती सोपं करून बोलते. म्हणाली, ‘किती वरसा झाली?’

‘चौदा,’ दिपक म्हणाला.

‘वीस,’ मी दुरुस्ती केली. ‘नाटकात वीस आहेत.’

‘आनि लगीन?’

‘ते शेवटच्या प्रवेशात.’

तिनं मान हलवली. ‘आमचेत पन असाच. आधी घर करत्यात, लगीन मागून. या हिरूचा लगीन तिचे पोराचे लग्नात लावला. एकाच मांडवात मायचा नि पोराचा.’ शेजारची हिरू तोंडाला पदर लावून हसली. मला हा तपशील फार आवडला, लगेच टिपून घेतला. दिपक मात्र टिपण न घेता नुसताच तिच्या तोंडाकडे बघत बसला. याला संशोधनाची शिस्तच नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सत्यानाश.

शेवटचा प्रवेश आज पहिल्यांदा उभा केला. अनिकेत, लडक्या समोरासमोर. मी म्हटलं, भिकीबाय, गा. ती बसून राहिली. पुन्हा म्हटलं.

‘नाय गायाची.’

‘का?’

‘यांचा लगीन नाय लावायचा माना. हा लडक्या माझे भावाचा नातू. याची बायको घरी हाय.’

‘अहो बाय, हे नाटक आहे! खोटं आहे!’

‘तुझा खोटा आसल. माझा गाना खोटा नाय. गाना बोलला का लगीन लागला.’

मी अर्धा तास समजावलं. रंगभूमी म्हणजे काय, भूमिका म्हणजे काय, रामाचं काम करणारा राम होत नाही. तिनं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाली, ‘तू सांगतंस ता खरा आसल. मी खोटा गात नाय.’ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि महिन्याभरापूर्वी ‘येन’ म्हणाली होती त्याचं काय? म्हणे, ‘आली ना.’

गाडीत मी म्हटलं, संपलं, आता कुणाचं तरी रेकॉर्ड वाजवू. दिपक एकदम म्हणाला, ‘मी बोलून बघतो तिच्याशी.’ मी हसलो. ज्याला स्वतःची रजा धड मागता येत नाही तो धवलेरीला पटवणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल दिपकची साप्ताहिक सुट्टी. सकाळीच दोन पापलेटं घेऊन वेवजीला गेला, संध्याकाळी आला. भिकीबाय तयार आहे! एकदाच गाईन म्हणाली. पाच मार्चला, बुधवारी.

‘बुधवारीच का? तालीम रविवारी असते.’

‘तिची सोय.’

‘दिवसभर काय बोलत होतात?’

‘ती विचारत होती, मी सांगत होतो.’

सविस्तर विचारायचं होतं, पण पत्रकाचं प्रूफ आलं. त्यात प्रकाशयोजनेपुढे नुसतंच ‘दिपक’ छापलंय. आडनाव घाल म्हटलं तर म्हणाला, ‘कुठलं?’ हल्ली हा असलं काहीतरी बोलतो. जेवताना पुन्हा नंदुरबारचं काढलं. ‘मी थांबावं असं काही कारण असेल तर दहाच्या आत सांग.’ मी म्हटलं, कारण आहे ना, नाटक आहे. तो उठून ताटं घासायला गेला.

मला त्याचा रोख कळत नाही असं नाही. कोर्टानं आमच्यासारख्यांच्या लग्नाला नकार दिला त्या संध्याकाळी त्यानं विचारलं होतं, ‘कोर्टाचं जाऊ दे. तुझं काय?’ मी लेख लिहायला बसलो. चांगला झाला होता लेख. मागच्या दिवाळीत पुन्हा विचारलं, तेव्हा मी त्याला तो लेख वाचायला दिला.

२ मार्च, रविवार

तालीम रद्द. श्रुतिका म्हणते, बुधवारी आहेच. मला न विचारता. फोनवर मागे बायकांचा गलका. म्हणाली, पाड्यावरची बारकी आणि हिरू चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहितायत. मी म्हटलं, चौक कापडावर रंगवायचा ठरलाय, गुंडाळून डहाणूला नेता आला पाहिजे! म्हणाली, ‘सर, त्यांनी समाजमंदिराच्या भिंतीवर लिहायला घेतलाय. शेणानं सारवून, वर गेरू, तांदळाच्या पिठानं.’ आता भिंत उचलून नेऊ का महोत्सवाला?

दिपकनं नवा पांढरा सदरा आणलाय. लाइटवाल्यानं काळे कपडे घालायचे असतात, हे चौदा वर्षं सांगतोय.

५ मार्च, बुधवार

सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी नऊला अनिकेतचा निरोप: ताप आहे. नऊ वाजून दोन मिनिटांनी लडक्याचा: ताप आहे. दुष्काळात तेरावा महिना. मी म्हटलं, तालीम रद्द. दिपक म्हणाला, भिकीबाय एकदाच गाणार आहे, आज नाही तर नाही. गेलो.

वेवजीत पोचलो तर समाजमंदिराला आंब्याचे टहाळे. पन्नासेक माणसं. मी श्रुतिकाला म्हटलं, तालमीला प्रेक्षक लागत नाहीत. आणि पुढच्या रांगेत कोण? आमच्या नयनाताई, जरीची साडी नेसून! ‘तू इथं कशी?’ तर म्हणते, ‘तुझं नाटक बघायला आले. बघू नको का?’ तीस वर्षांत माझं एक नाटक शेवटपर्यंत बघितलेलं नाही हिनं.

भिंतीवरचा चौक मात्र बघत राहिलो. दोन दिवस बायकांनी एक एक रेघ लिहिली होती. मधोमध देवी, भोवती जाळीसारखी नक्षी, आणि कोपऱ्यात, नेहमी घोड्यावर नवरानवरी असतात तिथे, घोड्यावर दोन माणसं. दोघं सारखीच. मी म्हटलं, वा, स्क्रिप्ट नीट वाचलेली दिसते.

‘सर,’ श्रुतिका म्हणाली, ‘नट नाहीत तर तुम्ही दोघं उभे राहा. निदान जागा तरी ठरतील.’ सूचना बरी होती. मी एका बाजूला, दिपक समोर. बारकीनं हळद आणली. मी सांगत होतो, हळद प्रयोगाच्या दिवशी, कुर्ता नवा आहे, तोवर तिनं गालांना फासलीसुद्धा. ताईनं दोन उपरणी काढली आणि त्यांची गाठ मारली. उपरणी आमच्या बाबांची होती. हिला कुणी सामान आणायला सांगितलं होतं?

म्हातारा काकड्या मागून ओरडला, ‘दोन बाप्यांचा आसा नाय होत!’

भिकीबायनं वळूनही बघितलं नाही. ‘होत नाय ता होल. माझे आयनं माना दोन मानसांचा शिकवला. तू बस.’ तो बसला.

मग ती गायला लागली. मी सुरुवातीला सूचना देत होतो, दिपक, तीन पावलं उजवीकडे, प्रेक्षकांकडे तोंड. तिनं असं काही बघितलं की मी गप्प झालो. बारीक, सरळ आवाज, चढ नाही, उतार नाही. धान्याचं, पाण्याचं, घराचं काहीतरी. अर्धे शब्द कळले नाहीत. किती वेळ गेला माहीत नाही. समोर दिपक, गालाला हळद, कानावरचे केस पांढरे झालेले. कधी झाले? तो माझ्याकडे बघत होता आणि मला एकाएकी वाटलं, ह्याला कुठेही जाऊ देऊ नये. डोळे भरून आले. हळद चुरचुरते म्हणतात.

तिनं आमच्यावर तांदूळ टाकले. ‘झाला.’

मी भानावर आलो. ‘अप्रतिम! तेवीसला अगदी असंच.’

‘तेवीसला कां? लगीन लागला. परत काय लावायचा?’

‘अहो, तेवीसला नट असतील!’

‘त्यांचा मी नाय लावायची. तुमचा बाकी व्हता, ता लावला.’

म्हणजे ह्या म्हातारीनं चुकून तालीम खरी धरली! एवढ्या दिवसांचं काम, माझा शेवट, सगळं पाण्यात. पन्नास माणसं हसतायत, बायका गाणी म्हणतायत, कुणीतरी ढोल काढला. मला इतका संताप आला की मी ओरडलो, ‘बाय, ही तालीम होती! आणि हा आमचा भाडेकरू आहे!’

ढोल थांबला. ताईनं कपाळाला हात लावला. तिला कशाचं एवढं वाईट वाटलं कोण जाणे, नाटक माझं बुडालं होतं.

दिपकनं गाठ सोडली नाही. खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी केली आणि तशीच गाठीसकट माझ्या हातात दिली. ‘चल, तालीम संपली,’ म्हणाला.

येताना त्यानं रेडिओ लावला नाही. बिचाऱ्याला म्हातारीच्या चुकीत फुकट ओढलं गेलं, म्हणून माफी मागणार होतो, पण कशी मागतात?

६ मार्च, गुरुवार

दिपक काल वरच्या खोलीत झोपला. सहा वर्षांत पहिल्यांदा. तिथे माझ्या जुन्या संहिता असतात आणि बोंबलाच्या पिशव्या. मी खालून म्हटलं, वास मारतोय तिथे. ‘भाडेकरू आहे ना,’ तो वरून म्हणाला, ‘चालतं.’

ताईचा फोन. ‘पऱ्या, तू एवढी नाटकं लिहितोस, तुला समोरचं माणूस वाचता येत नाही का रे?’ आणि ठेवला. हिला नाटकातलं काय कळतं?

९ मार्च, रविवार

दिपक तालमीला आला नाही, ड्यूटी बदलून घेतली म्हणे. लाइट लागले ते लागलेच, विझवायला कोणी नाही. टेबलावर बढतीचा कागद सकाळीच बघितला होता. ‘स्वीकार’वर पेन्सिलीनं बारीक खूण. सही नाही. उद्या शेवटचा दिवस.

अनिकेत, लडक्या ठणठणीत. भिकीबाय आली, बसली, गायली नाही. मी म्हटलं, ठीक, बस तशीच. दोघं चौकासमोर उभे राहिले आणि गाण्याची वाट बघत राहिले. गाणं आलं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. अनिकेतला बोलायला काही नसल्यामुळे तो आयुष्यात पहिल्यांदा बरा वाटला. श्रुतिका रडली. मी लिहिलेल्या शेवटापेक्षा हा चांगला आहे. हे मी कुणाला सांगणार नाही.

घरी येऊन दिपकला सांगावंसं वाटलं. वरच्या खोलीचं दार लावलेलं होतं. मी जिन्यात बसून राहिलो. कागदावरची ती पेन्सिलीची खूण खोडायला मी रबरही शोधलं, हे लिहून ठेवतो. सापडलं नाही. लोक वस्तू हलवतात.

१० मार्च, सोमवार

दुपारी फाटकाशी भिकीबाय आणि हिरू. बाजाराला आल्या होत्या. शेजारचे अंभिरे गुरुजी कुंपणावर कोपर टेकून पेपर वाचत होते, म्हणजे ऐकत होते.

भिकीबायनं पदराची गाठ सोडली. मूठभर तांदूळ. ‘चौकाचा हाय. शिजवून दोघांनी एका ताटात खायाचा. राहिला व्हता.’ मग इकडेतिकडे बघून मोठ्यानं, ‘तुझा मानूस कुठं हाय?’

गुरुजींचा पेपर खाली आला. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता, सहा वर्षं घासून गुळगुळीत झालेला. निघेना.

‘ड्यूटीवर,’ मी म्हटलं.

‘मंग ने ना तिथं,’ ती म्हणाली, जणू मी मंदबुद्धी. आणि निघून गेली.

मी भात लावला. ताईचे बोंबील केले. डबा घेऊन रिक्षानं डहाणू रोड गाठलं. चार वाजून गेले होते, कागद पाचपर्यंत द्यायचा होता. तिकीट ऑफिसच्या दारात नवा पोरगेला शिपाई. ‘आत जाता येणार नाही. कोण पाहिजे?’

‘दिपक.’

‘तुम्ही कोण त्यांचे?’

रांगेतली दहाबारा माणसं बघत होती. त्यातला एक धाकटी डहाणूचाच, मासळीवाला. काचेपलीकडे दिपकनं मान वर केली. मी कॉलेजात पंचवीस मिनिटं बोललो होतो. इथे एक शब्द पुरे होता.

‘घरचा,’ मी म्हटलं.

‘घरचा म्हणजे? भाऊ?’

‘नाही. पाच तारखेला आमचं लग्न झालं. वेवजीला. त्याचा डबा राहिला होता.’

मग रांगेतून एकजण म्हणाला, ‘अहो दादा, जाऊ द्या ना त्यांना आत, मला वलसाडचं तिकीट काढायचंय.’ शिपाई बाजूला झाला.

दिपकनं ऑफिसातल्या शेजारणीला खिडकी दिली. मागच्या खोलीत स्टुलावर बसलो. तो कागद त्याच्या खिशात होता. उघडला, पेन्सिलीच्या खुणेवर आडवी रेघ मारली, खाली ‘नकार’वर खूण केली आणि थांबला.

‘कारणाच्या रकान्यात काय लिहू?’

‘खरं लिही.’

त्यानं ‘कौटुंबिक’ लिहिलं आणि सही केली. साहेबांच्या टेबलावर ठेवून आला. मग आम्ही डब्याच्या झाकणात भात घेऊन जेवलो, एका झाकणात दोघं. मी त्याला म्हटलं, त्या दिवशी मी जे ओरडलो ते चूक होतं, मला लाज वाटते, तू जाऊ नकोस. इतकं सलग मी संहितेशिवाय कधी बोललेलो नाही. तो म्हणाला, ‘बोंबलात मीठ जास्त झालंय.’ डोळे पुसत म्हणाला.

मग मी म्हटलं, भिकीबायची चूक झाली खरी, पण आता तिला दुरुस्त करत बसू नये. त्यानं मान हलवली. मी पुढे म्हटलं, ‘अनिकेत आणि लडक्याला मात्र मी सोडणार नाही. दोघांना एकाच दिवशी ताप, तोही दोन मिनिटांच्या अंतरानं, आणि चार दिवसांत ठणठणीत? रविवारी त्यांना डॉक्टरचा कागद मागणार आहे.’

दिपकला इतका ठसका लागला की शेजारीण खिडकी सोडून पाणी घेऊन आली. घरी येईपर्यंत तो मधूनमधून हसत होता. यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.